पॉली उम्रीगर: एका उन्हाळ्याचा डाग, चौदा वर्षांची कमाई

मद्रासच्या चेपॉक मैदानावर ६ फेब्रुवारी १९५२ रोजी जी कसोटी सुरू झाली, तिच्यासाठी ठरलेल्या संघातून पॉली उम्रीगर यांना वगळण्यात आलं होतं. इंग्लंडविरुद्धच्या त्या मालिकेतल्या आधीच्या सामन्यांत त्यांची बॅट जवळपास मुकीच होती, त्यामुळे निवड समितीने अन्याय केला असं म्हणायलाही जागा नव्हती. पण सामन्याच्या तोंडावर हेमू अधिकारी यांच्या मनगटाला दुखापत झाली आणि उम्रीगर यांना बोलावणं आलं. जायबंदी माणसाच्या जागी खेळायला आलेला खेळाडू अंग चोरून खेळतो किंवा जिवावर उदार होऊन. उम्रीगर यांनी यातलं काहीच केलं नाही. ते शांतपणे खेळत राहिले आणि डाव घोषित झाला तेव्हा १३० धावांवर नाबाद होते. कसोटीतलं ते त्यांचं पहिलं शतक.

त्या सामन्याच्या पहिल्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज वारल्याची बातमी आली आणि विश्रांतीचा दिवस अलीकडे ओढून दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवण्यात आला. विनू मांकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले, इंग्लंड २६६ धावांत आटोपलं. पंकज रॉय यांच्या १११ आणि उम्रीगर यांच्या १३० धावांच्या जोरावर भारताने ९ बाद ४५७ केल्या. दुसऱ्या डावात इंग्लंडचा संघ १८३ धावांत गारद झाला आणि १० फेब्रुवारीला विजय हजारे यांच्या संघाने एक डाव ८ धावांनी सामना जिंकला. १९३२ पासून वीस वर्षं कसोटी खेळणाऱ्या भारताचा हा पंचविसावा सामना आणि पहिला विजय. मांकड यांचे बारा बळी सगळ्यांच्या लक्षात राहिले, आणि ते योग्यच होतं. मात्र ज्याला वगळलं होतं त्याचं शतकही त्या विजयात आहे, हे अनेकदा सांगायचं राहून जातं. उम्रीगर यांच्या बाबतीत असं पुढेही पुष्कळदा झालं.

पहलन रतनजी उम्रीगर हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म सोलापूरचा, २८ मार्च १९२६. पहलनचा पॉली झाला तो पारशी घरांतल्या लाडक्या रिवाजाप्रमाणे. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता, आणि त्या काळात कापडाच्या माणसाने सोलापुरात असणं यात नवल नव्हतं. १८७७ साली इथली पहिली सूतगिरणी उभी राहिली, जिला सोलापूरकर आजही जुनी मिल म्हणून ओळखतात. पाठोपाठ नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्या आल्या, भोंग्यांवर गावाचं घड्याळ चालू लागलं. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी व्यापारी, मराठी कामगार, उर्दू बोलणारे कारागीर आणि थोडेथोडके पारशी अशी त्या गावाची वस्ती होती. मुंबई-मद्रास लोहमार्ग गावातूनच जातो. चेपॉकच्या शतकवीराचं गाव त्याच रुळांवर असावं, हा योगायोग मला गमतीदार वाटतो.

पॉली चार वर्षांचा असताना याच सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रजांची सत्ता काही दिवस उखडली गेली, नंतर मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली गेली. चार वर्षांच्या पोराच्या मनावर या गोष्टींचा काय ठसा उमटला असेल, याच्या कथा रचण्यात अर्थ नाही. पण पुढे ज्या माणसाने इंग्रजांच्या देशात जाऊन मानहानीही सोसली आणि ती भरूनही काढली, त्याचं बालपण कसल्या गावात गेलं हे माहीत असलेलं बरं. शाळकरी वयातच कुटुंब मुंबईला गेलं.

मुंबईत पारशी मुलाच्या हातात बॅट येणं हे जवळपास वंशपरंपरेने ठरलेलं होतं. हिंदी माणसांत सगळ्यात आधी क्रिकेट उचललं ते पारशांनी. १८४८ साली त्यांचा ओरिएंटल क्लब निघाला आणि १८८६ साली त्यांचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावरही जाऊन आला. पुढे मुंबईत युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि ‘इतर’ अशा पाच संघांची पंचरंगी स्पर्धा भरू लागली. मैदानं तुडुंब भरत. पण माणसं धर्माच्या नावाने टाळ्या वाजवत, आणि ते गांधीजींना मान्य नव्हतं. १९४४ साली, अठराव्या वर्षी, उम्रीगर पारशी संघाकडून याच स्पर्धेत पहिल्यांदा उतरले. दोन हंगामांत ती स्पर्धा कायमची बंद पडली. म्हणजे जातीय क्रिकेटच्या दारातून शेवटी शेवटी आत आलेल्या खेळाडूंपैकी ते एक. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकताना ते मुंबई विद्यापीठाचे कर्णधार झाले, आणि नंतरचं त्यांचं जवळजवळ सगळं देशी क्रिकेट मुंबईसाठी झालं, मध्ये थोडा काळ गुजरातसाठी.

१९४८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडिजचा संघ पहिल्यांदाच भारतात आला. पुण्यात संयुक्त विद्यापीठांच्या संघाकडून उम्रीगर यांनी त्यांच्याविरुद्ध नाबाद शतक ठोकलं आणि डिसेंबरमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर कसोटीची टोपी मिळाली. ३० धावा केल्या, आणि पुढच्या कसोटीला बाहेर. नंतर अडीच वर्षांहून अधिक काळ भारताला अधिकृत कसोटीच खेळायला मिळाली नाही. राष्ट्रकुल संघांबरोबरचे अनधिकृत सामने तेवढे झाले, त्यात उम्रीगर यांनी भरपूर धावा केल्या, पण त्या आकड्यांना इतिहासात घर नाही. आजचा खेळाडू एका वर्षात खेळतो तेवढ्या कसोट्यांसाठी त्या पिढीने आयुष्याची ऐन वर्षं वाट पाहण्यात घालवली.

मद्रासच्या शतकानंतर चार महिन्यांनी भारतीय संघ इंग्लंडमध्ये होता. इथे आपल्याला तो उन्हाळा गाठायचा आहे, ज्याचा शिक्का उम्रीगर यांच्यावर कायमचा बसला.

पार्श्वभूमी आधी सांगतो. भारताकडे एकेकाळी महंमद निसार आणि अमर सिंग यांच्यासारखे खरेखुरे वेगवान गोलंदाज होते. अमर सिंग १९४० साली अकाली गेले, निसार फाळणीनंतर पाकिस्तानात राहिले. त्यानंतर आपल्या फलंदाजांना सरावालाही वेग मिळेना. मॅटिंगची नाहीतर निर्जीव मातीची खेळपट्टी, समोर मध्यमगती किंवा फिरकी. छातीच्या उंचीवर उसळणारा चेंडू कसा सोडायचा हे पुस्तकात वाचून येत नाही. अशा संघासमोर जून १९५२ मध्ये हेडिंग्लेवर एकवीस वर्षांचा एक यॉर्कशायरी पोरगा आला, जो हवाई दलातली सक्तीची नोकरी करता करता सुट्टी घेऊन खेळत होता. त्याचं नाव फ्रेड ट्रूमन. भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव नसताना चार गडी बाद झाले होते. शून्यावर चार. कसोटीच्या इतिहासात इतकी वाईट सुरुवात कुणी पाहिली नव्हती. ओल्ड ट्रॅफर्डला तर भारताचे दोन्ही डाव एकाच दिवसात आटोपले: ५८ आणि ८२. पहिल्या डावात ट्रूमनचे ३१ धावांत ८ बळी.

त्या मालिकेत उम्रीगर यांनी सात डावांत मिळून ४३ धावा केल्या. नुसत्या धावा झाल्या नाहीत एवढंच असतं तर लोकांनी माफ केलं असतं. पण ते ट्रूमनला घाबरून लेग स्टंपकडे सरकतात, ही गोष्ट सगळ्यांना दिसली. शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या टोनी लॉकने म्हणे त्यांना विनंती केली, की जरा पलीकडे सरका, तुम्ही इथे उभे राहिलात की मला गोलंदाज दिसत नाही. किस्सा खरा असेल किंवा क्लबात रंगवलेला असेल. पण अशा किश्शांना पाय फुटतात, आणि हा तर सत्तर वर्षं चालतोच आहे. उम्रीगर म्हटलं की अजूनही काही जाणकार आधी हाच किस्सा सांगतात. मला त्यांचं आश्चर्य वाटतं. कारण त्याच दौऱ्याच्या हिशेबात दुसरं एक पान आहे. कसोट्या सोडून बाकीचे सामने धरले, तर उम्रीगर यांच्या धावांना तोटा नाही. दौऱ्यात एकूण १६८८ धावा, भारतीयांत सर्वाधिक. ऑक्सफर्ड विद्यापीठ, लँकेशायर आणि केंट यांच्याविरुद्ध तीन द्विशतकं. इंग्लंडच्या हवेत, इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर. तेव्हा फलंदाजी येत नव्हती असा अर्थ निघत नाही. एका विशिष्ट वेगापुढे, हेल्मेट नसलेल्या डोक्याने, देहाला जी भीती वाटते ती वाटली. तशी ती त्या संघात बहुतेकांना वाटली होती. उम्रीगर सहा फुटी, रुंद खांद्यांचे होते, म्हणून त्यांची जास्त दिसली. आडदांड माणूस घाबरलेला पाहण्यात लोकांना एक वेगळीच मजा वाटते.

उत्तर द्यायला फार दिवस लागले नाहीत. त्याच वर्षअखेरीस पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या मालिकेत मुंबईला १०२ धावा केल्या, आणि १९५३ च्या जानेवारीत संघ वेस्ट इंडिजला पोहोचला. भारतीय संघाचा तो कॅरिबियनचा पहिला दौरा. पोर्ट ऑफ स्पेनला पहिल्याच कसोटीत उम्रीगर यांनी १३० आणि ६९ धावा केल्या, किंग्स्टनला शेवटच्या कसोटीत ११७. मालिकेत ५६० धावा. समोर रामाधीन आणि व्हॅलेंटाइन ही जोडी होती, जिने तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या संघाला इंग्लंडमध्येच लोळवलं होतं. त्रिनिदादच्या लोकांनी या दणकट माणसाचे नारळी-पोफळींच्या उंचीचे षटकार पाहिले आणि त्याला ताडामाडांवरून चेंडू मारणारा अशा अर्थाचं टोपणनावही देऊन टाकलं. त्या बेटाशी त्यांचं काहीतरी लागेबांध्याचं नातं असावं, कारण पुढे दोनदा त्यांच्या आयुष्याची गाडी तिथेच येऊन थांबते.

उम्रीगर गोलंदाजीही करत. ऑफ-ब्रेक आणि ऑफ-कटर यांच्या मधलं काहीतरी, कंटाळा न करता तासन् तास. १९५५ च्या जानेवारीत बहावलपूरला त्यांनी ७४ धावांत ६ बळी घेतले आणि त्याच दौऱ्यात पेशावरला १०८ धावा केल्या. प्रथम श्रेणीतले त्यांचे ३२५ बळी आहेत, हे सांगितलं की आजही क्रिकेटवेड्या माणसाच्या भुवया उंचावतात.

१९५५ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला फतेह मैदानावर त्यांनी २२३ धावा केल्या. कसोटीतलं हे भारतीयाचं पहिलं द्विशतक. तेवीस वर्षांत हजारे, मर्चंट, मांकड, अमरनाथ अशी माणसं खेळून गेली. मांकड यांचे लॉर्ड्सवरचे १८४ ही तोवरची मजल होती. सोलापूरच्या माणसाने दोनशेचा उंबरा ओलांडला तो घरापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. तो विक्रम मात्र जेमतेम महिना-दीड महिना टिकला. मांकड यांनी मुंबईत बरोबर २२३ करून बरोबरी साधली आणि मद्रासला २३१ करून तो मोडला. मद्रासच्या त्याच डावात मांकड आणि पंकज रॉय यांनी ४१३ धावांची सलामी दिली, जी बावन्न वर्षं जगात अजिंक्य राहिली. त्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये बसून टाळ्या वाजवणारा कर्णधार कोण होता? उम्रीगर. दुसऱ्या कसोटीपासून नेतृत्व त्यांच्याकडे आलं होतं. स्वतःचा विक्रम दोनदा आपल्याच सलामीवीराकडून जाताना पाहिला आणि दोन्ही सामने डावाने जिंकले.

आठ कसोट्यांत त्यांनी भारताचं नेतृत्व केलं: दोन जिंकल्या, दोन हरल्या, चार अनिर्णित. हरलेल्या दोन्ही १९५६ सालच्या, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्या काळाच्या मानाने ही कामगिरी खूपच बरी. पण त्यांच्या कर्णधारपदाचा खरा अध्याय म्हणजे त्यांनी ते कसं सोडलं.

१९५८-५९ चा हंगाम. वेस्ट इंडिजचे वेस हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट भारतीय फलंदाजांना भाजून काढत होते. मुंबईत उम्रीगर कर्णधार. कानपूर आणि कलकत्त्याला गुलाम अहमद. चौथ्या कसोटीसाठी मद्रासला पुन्हा उम्रीगर. संघात एक जागा रिकामी झाली. उम्रीगर यांना फलंदाज हवा होता, मनोहर हर्डीकर. कारण वेगापुढे फळी कोसळत होती. भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांचा आग्रह ऑफ-स्पिनर जसू पटेल यांच्यासाठी होता. वाद मिटेना. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी उम्रीगर यांनी राजीनामा दिला. मद्रासला मांकड कर्णधार झाले, दिल्लीला हेमू अधिकारी. पाच कसोट्यांत चार कर्णधार! गल्लीतल्या टेनिस-बॉल स्पर्धेतही कुणी असा पोरखेळ करत नाही. मालिका ३-० ने गेली.

कर्णधारपदावर पाणी सोडणारी माणसं आपल्याकडे फार नाहीत. उम्रीगर यांनी ते सोडलं ते अकराव्या खेळाडूच्या प्रश्नावर, म्हणजे मैदानात कोण उतरणार हे मैदानाबाहेरच्या माणसाने ठरवू नये एवढ्याशा तत्त्वावर. गाजावाजा केला नाही, पत्रकार परिषद घेतली नाही, आणि संघही सोडला नाही. दुसऱ्याच्या हाताखाली खेळत राहिले. पुन्हा कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आलं नाही.

या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि ते मला मूळ गोष्टीइतकंच आवडतं. १९५९ च्या डिसेंबरात, गुलाबराय रामचंद यांच्या नेतृत्वाखाली कानपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी झाली. रिची बेनॉ यांचा तो संघ जगातला सर्वोत्तम मानला जात होता. ग्रीन पार्कच्या नव्या खेळपट्टीवर जसू पटेल यांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ बळी घेतले, दुसऱ्या डावात ५५ धावांत ५. त्या दुसऱ्या डावात दुसऱ्या टोकाकडून ज्याने २७ धावांत ४ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला १०५ धावांत गुंडाळायला मदत केली, तो गोलंदाज म्हणजे पॉली उम्रीगर. ज्या पटेलांवरून कर्णधारपद गेलं, त्याच पटेलांबरोबर भारताचा ऑस्ट्रेलियावरचा पहिला विजय, ११९ धावांनी. दोघांमध्ये भांडण नव्हतंच. भांडण खुर्चीशी होतं.

मधल्या उन्हाळ्यात, १९५९ साली, ते पुन्हा इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध नाबाद २५२ केल्या. भारत पाचही कसोट्या हरला. पण चौथी कसोटी ओल्ड ट्रॅफर्डला होती. तेच मैदान, जिथे सात वर्षांपूर्वी एका दिवसात दोन डाव संपले होते. ट्रूमन समोर होताच. चौथ्या डावात जवळपास साडेपाचशे धावांचं अशक्य लक्ष्य होतं. ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या अब्बास अली बेग यांनी पदार्पणात ११२ केल्या, उम्रीगर यांनी ११८. सामना गेला, ५८ धावांचं भूत मात्र त्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवरच गाडलं गेलं. लॉकचा किस्सा सांगणारे लोक हे शतक का सांगत नाहीत?

त्यानंतर पाकिस्तानविरुद्ध १९६०-६१ मध्ये कानपूर, मद्रास आणि दिल्ली अशी तीन शतकं, इंग्लंडविरुद्ध १९६१ च्या डिसेंबरात कानपूरला नाबाद १४७. या टप्प्यावर थांबायला हरकत नव्हती. पस्तिशी उलटली होती, पाठ कुरकुरत होती. पण १९६२ च्या सुरुवातीला ते दुसऱ्यांदा वेस्ट इंडिजला गेले, आणि बरं झालं गेले.

तो दौरा दुःखाचाच. मार्चमध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः पुढे आले. त्यांच्याबरोबर चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पत्रकार के. एन. प्रभू आणि उम्रीगर. पुढच्या कसोटीला नेतृत्व आलं एकवीस वर्षांच्या पतौडींकडे, कारण ते उपकर्णधार होते. संघातला सगळ्यात अनुभवी माणूस शेजारीच बसला होता. त्याने तक्रार केल्याची नोंद नाही.

मग एप्रिलमधली पोर्ट ऑफ स्पेनची चौथी कसोटी. वेस्ट इंडिजने ९ बाद ४४४ धावांवर डाव घोषित केला. त्यातले ५ बळी उम्रीगर यांनी १०७ धावांत घेतले होते. भारत १९७ मध्ये गडगडला. सर्वाधिक ५६ उम्रीगर यांच्या. फॉलोऑन. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी १०४ केल्या, आणि मग छत्तीस वर्षांच्या, दुखऱ्या पाठीच्या माणसाने वेस हॉल, गॅरी सोबर्स आणि लान्स गिब्ज यांना सुमारे चार तास असं काही झोडपलं की बस. नाबाद १७२. भारताने ४२२ धावा केल्या आणि डावाचा पराभव टाळला. वेस्ट इंडिजने सात गडी राखून सामना जिंकला तो भाग वेगळा. एका कसोटीत ५६, नाबाद १७२ आणि ५ बळी. १९५२ मध्ये वेगाला घाबरून मागे सरकणारा म्हणून ज्याची टिंगल झाली, तो त्या काळच्या जगातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजापुढे, सहकारी इस्पितळात कवटी फुटून पडलेला असताना, असा खेळला. पुढची किंग्स्टनची कसोटी त्यांची शेवटची ठरली. ५९ कसोट्या, ४२.२२ च्या सरासरीने ३६३१ धावा, १२ शतकं. सामने, धावा, शतकं या तिन्ही रकान्यांत तेव्हा भारतात पहिलं नाव त्यांचंच होतं. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

निवृत्तीनंतर बहुतेक मोठे खेळाडू आठवणींवर जगतात. उम्रीगर मात्र कामाला लागले. मुंबईच्या संघटनेत, मग मंडळात, निवड समितीत, आणि वानखेडेच्या खेळपट्टीची देखभाल करतानाही ते दिसत. नव्या पोरांचे ते पॉलीकाका झाले. १९७५-७६ मध्ये व्यवस्थापक म्हणून वेस्ट इंडिजला गेले तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनलाच भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून जगाला चकित केलं. लगोलग किंग्स्टनला मायकेल होल्डिंग आणि मंडळींनी इतका अंगावर मारा केला की अंशुमन गायकवाड कानावर चेंडू लागून इस्पितळात गेले आणि दुसरा डाव पाच गडी बाद ९७ वर संपला, कारण उरलेले खेळायच्या स्थितीत नव्हते. वेग म्हणजे काय हे त्या ड्रेसिंग रूममध्ये व्यवस्थापकाइतकं कुणाला ठाऊक असणार?

दोन वर्षांनी ते संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होते. खेळाडू म्हणून त्यांना तिथे कधीच जाता आलं नव्हतं. त्यांच्या संपूर्ण कसोटी कारकिर्दीत भारताचा एकही ऑस्ट्रेलिया दौरा झाला नाही. मेलबर्नचं ते अवाढव्य मैदान उन्हाळ्यात क्रिकेटचं आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं. लंबगोल चेंडूच्या त्या खेळात एक उंच, दणकट गडी असतो. पंचांनी मध्यावर चेंडू उडवला की पहिली उडी त्याची, धक्के त्याचे, आणि त्याने ढकललेल्या चेंडूवर गोल करणारे दुसरेच. १९४८ ते १९६२ या वर्षांत भारतीय क्रिकेटमध्ये हे काम उम्रीगर यांनी केलं असं मला वाटतं. तर त्या मेलबर्नवर ३० डिसेंबर १९७७ ला सुरू झालेल्या कसोटीत चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने ऑस्ट्रेलियात पहिला विजय मिळवला. त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी ११८ धावा केल्या. ते त्यांचं तेरावं शतक. उम्रीगर यांचा बारा शतकांचा विक्रम मोडला, आणि तो मोडणाऱ्या संघाचे व्यवस्थापक होते खुद्द उम्रीगर. हैदराबादचा विक्रम कर्णधार असताना गेला, शतकांचा व्यवस्थापक असताना.

१९७८ ते १९८२ ते निवड समितीचे अध्यक्ष होते. ज्या टेबलावर कधीकाळी त्यांना वगळलं होतं, त्याच्या मुख्य खुर्चीवर बसून त्यांनी इतरांची नावं लिहिली आणि खोडली. ७ नोव्हेंबर २००६ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, कर्करोगाने मुंबईत त्यांचं निधन झालं. २००६-०७ च्या हंगामापासून भारतीय क्रिकेट मंडळ वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय खेळाडूला पॉली उम्रीगर पुरस्कार देतं. पहिला सचिन तेंडुलकर यांना मिळाला, विराट कोहली यांनी तो पाच वेळा घेतला.

सोलापूरहून आजही खेळाडू निघतात. जिल्ह्यातली किरण नवगिरे भालाफेक, गोळाफेक करत क्रिकेटकडे वळली आणि २०२२ साली भारताकडून खेळली. अर्शीन कुलकर्णी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेव्हा पार्क मैदानावर पोरांना सरावासाठी सोडायला येणाऱ्या आईबापांना आणि त्यांच्या प्रशिक्षकांना एक विनंती: घरी गेल्यावर १९६२ च्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीचा धावफलक शोधा आणि मुलांना तो एकदा नीट वाचून दाखवा. सामना आपण हरलो होतो, हे आधीच सांगून टाका.